बॅकअप परत आणला, पण पत्रं दिसेनात? थंडरबर्डच्या फोल्डरची दुरुस्ती घरच्या घरी

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याच्या एका ओळखीच्या घरून आम्हाला फोन आला. घरचे कर्ते गृहस्थ अनेक वर्षं सौदीत नोकरीला होते. दीड वर्षापूर्वी त्यांचा इंतकाल झाला. त्यांचा जुना कॉम्प्युटर अखेर बंद पडला. मुलाने त्याआधीच पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन ठेवला होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. नवीन लॅपटॉप आला, बॅकअप त्यात टाकला, आणि इनबॉक्स उघडला तर रिकामा!

भाभी म्हणाल्या, "सर, मुलगा म्हणतो सगळं जसंच्या तसं घेतलंय. मग यांची पत्रं गेली कुठं? कंपनीच्या हिशोबाचे कागदपण त्यातच आहेत."

आम्ही शाळेत शिकवतो, कॉम्प्युटरचे इंजिनिअर नाही. पण शाळेच्या ऑफिसचं काम करता करता थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आम्ही बरीच वर्षं वापरला आहे. त्या घरात दोन संध्याकाळी बसून जे शिकलो, ते आपल्या वाचकांच्याही कामाला येईल म्हणून इथे क्रमाने सांगतो.

आधी एक प्रश्न: पत्रं नेमकी कुठे आहेत?

ईमेल प्रोग्राममध्ये खातं दोन पद्धतीने जोडता येतं. एक आयमॅप, दुसरी पीओपी.

आयमॅपमध्ये पत्रं कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, आपल्या कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल असते. अशा घरी घाबरण्याचं कारण नाही. नवीन लॅपटॉपवर खातं पुन्हा जोडलं की पत्रं आपोआप उतरतात. फक्त 'लोकल फोल्डर्स' या नावाखाली स्वतः काही साठवलं असेल तर ते बॅकअपमधूनच आणावं लागतं.

पीओपीची गोष्ट वेगळी. तिथे पत्र सर्व्हरवरून उतरवून घेतलं जातं, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली असेल तर तिथली प्रत पुसली जाते. या घरी नेमकं तेच होतं. पूर्वी सर्व्हरवर जागा कमी मिळायची, म्हणून अब्बूंनी ती खूण काढून टाकली होती. म्हणजे जुनी डिस्क गेल्यावर जगात त्या पत्रांची एकच प्रत उरली होती, ती पेनड्राइव्हवर.

म्हणून पहिलं काम: प्रोग्राम बंद करा आणि बॅकअपची आणखी एक प्रत दुसऱ्या जागी काढा. यापुढचे सगळे प्रयोग त्या दुसऱ्या प्रतीवर. मूळ पेनड्राइव्ह कपाटात.

कपाट, वही आणि अनुक्रमणिका

थंडरबर्ड आपलं सगळं सामान एका फोल्डरमध्ये ठेवतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. खाती, सेटिंग, पत्ते, पासवर्ड सगळं त्यात. या कपाटात 'मेल' नावाचा एक कप्पा असतो, आणि त्यात प्रत्येक पीओपी खात्याचं वेगळं फोल्डर.

त्या फोल्डरमध्ये तुम्हाला जोडीने फाइली दिसतील. एक नुसती 'इनबॉक्स', पुढे टिंब नाही, काही नाही. दुसरी 'इनबॉक्स' टिंब 'एमएसएफ'. पहिली म्हणजे वही. सगळी पत्रं एकापाठोपाठ एक त्यात लिहिलेली असतात. दुसरी म्हणजे त्या वहीची अनुक्रमणिका. अनुक्रमणिका फाटली तर पुन्हा लिहिता येते, वही फाटली तर नाही. एवढा फरक लक्षात ठेवला की अर्धी भीती जाते.

विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवू शकतो. म्हणून फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, नाहीतर वही आणि अनुक्रमणिका सारख्याच दिसू शकतात. प्रोफाइलचं फोल्डरही लपलेलं असतं. ते शोधत बसू नका. थंडरबर्डच्या 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथे 'प्रोफाइल फोल्डर'समोर 'ओपन फोल्डर' असं बटन आहे.

आता बॅकअपमधल्या त्या वहीचं माप बघा. शेकडो एमबी किंवा काही जीबी असेल तर अल्हम्दुलिल्लाह, पत्रं आहेत. शून्य केबी असेल तर बॅकअप चुकीच्या फोल्डरचा घेतला गेला आहे, दुसरीकडे शोधा. आमच्या समोरची फाइल दीड जीबीच्या वर होती. भाभींना आम्ही तिथेच सांगितलं, "पत्रं गेली नाहीत. फक्त प्रोग्रामला पत्ता सापडत नाही."

चूक कुठे झाली होती

जुन्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरला, तेव्हा अब्बूंनी पत्रांचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं होतं. सेटिंगमध्ये तोच पत्ता लिहिलेला. नवीन लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. खातं दिसत होतं, पण त्याचा पत्ता अस्तित्वात नसलेल्या घराचा.

मुलाने डी ड्राइव्हवरच्या फाइली थेट प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ओतल्या. मग 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'सर्व्हर सेटिंग्ज'च्या तळाशी 'लोकल डायरेक्टरी' असते, तिथे त्याने ते अख्खं प्रोफाइल निवडलं. प्रोग्रामने ताबडतोब नकार दिला: ही जागा पत्रं साठवायला योग्य नाही, दुसरी निवडा.

हा नकार बरोबर आहे. साधारण तीन ठिकाणी थंडरबर्ड असा अडतो:

१. तुम्ही ड्राइव्हचं मूळ किंवा विंडोजचं स्वतःचं फोल्डर निवडलं.
२. तुम्ही प्रोफाइलचं मुख्य फोल्डरच निवडलं. प्रोफाइलच्या आत निवडायचं तर 'मेल' कप्प्यातलं त्या खात्याचं फोल्डर हवं.
३. ते फोल्डर आधीच दुसऱ्या खात्याला दिलेलं आहे, किंवा दुसऱ्याच्या फोल्डरच्या आत-बाहेर येतं. दोन मुलांना एकच वही दिली तर काय होईल, तेच.

दुरुस्ती, पायरीपायरीने

प्रोग्राम बंद ठेवून प्रोफाइलमधल्या 'मेल' कप्प्यात आम्ही नवीन फोल्डर केलं. नाव साधं ठेवलं. त्यात डी ड्राइव्हच्या बॅकअपमधल्या सगळ्या फाइली टाकल्या. नावाच्या शेवटी 'एसबीडी' असलेली फोल्डरंही घेतली, कारण पोटफोल्डरची पत्रं त्यात असतात. पण एमएसएफवाल्या अनुक्रमणिका घेतल्या नाहीत. त्या जुन्या जागेच्या होत्या.

मग थंडरबर्ड उघडून 'लोकल डायरेक्टरी'समोर 'ब्राउझ' दाबलं, हे नवीन फोल्डर निवडलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. अनुक्रमणिका नव्याने लिहायला त्याला थोडा वेळ लागतो. त्या वेळात उगाच क्लिक करू नका.

एखादं फोल्डर तरी अर्धवट दिसलं तर त्यावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'रिपेअर फोल्डर'. हे बटनही अनुक्रमणिकाच नव्याने बनवतं.

पत्ता बदलणं जमतच नसेल तर सोपा मार्ग आहे. प्रोग्राम बंद करून जुनी 'इनबॉक्स' फाइल, एमएसएफ वगळून, 'मेल'मधल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवा. आधी तिचं नाव बदलून 'अब्बू जुनी पत्रं' असं काही करा. प्रोग्राम उघडला की डाव्या बाजूला 'लोकल फोल्डर्स'खाली त्या नावाचं फोल्डर दिसेल.

तरीही अडलं तर

– पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर त्यावर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. मोठा इनबॉक्स असेल तर एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीचा वापरा.
– सीडी-डीव्हीडीवरून फाइली परत आणल्या तर त्या 'रीड-ओन्ली' असू शकतात. पत्र वाचता येतं पण नवीन साठत नाही. 'प्रॉपर्टीज'मधली ती खूण काढा.
– एका संशयित पत्रासाठी अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइल उचलून बाजूला ठेवू शकतो. त्याची 'क्वारंटाइन' यादी बघा.
– नवीन आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आधी थंडरबर्ड अपडेट करा.
– घरी आउटलुक असेल तर पत्रं 'पीएसटी' फाइलमध्ये असू शकतात. ती बिघडली तर ऑफिससोबत येणारं 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं साधन वापरा, तेही प्रतीवरच.

पुढच्या पावसाळ्याआधी

आपल्या मावळात पावसाळा म्हणजे चार महिने ओल आणि वरचेवर जाणारी वीज. कपड्यांना बुरशी येते तिथे कपाटातल्या डिस्कचं काय सांगावं! म्हणून महिन्यातून एकदा, थंडरबर्ड बंद करून, अख्ख्या प्रोफाइलची प्रत घ्या. पत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवली असतील तर तेही फोल्डर सोबत घ्या आणि कागदावर लिहून ठेवा की ते कुठे होतं. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी. आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

आणखी एक. प्रोफाइलच्या प्रतीत साठवलेले पासवर्डही येतात. दुकानात दुरुस्तीला देताना तो पेनड्राइव्ह सोबत देऊ नका. घरच्या माणसाची पत्रं ही अमानत आहे, तिची राखणही तशीच व्हायला हवी.

दुसऱ्या संध्याकाळी इनबॉक्स भरला. मुलाने आधी कंपनीचं हिशोबाचं पत्र शोधून छापून घेतलं. मग भाभी म्हणाल्या, "आता ईदच्या वेळचं उघड." आम्ही चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. दुसरा पेनड्राइव्ह आता तळेगावला मुलाच्या मामूंकडे आहे.