शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर कोणते?

उस्मानाबादी शेळी हे धाराशिव जिल्ह्यातील अल्पभूधारकाचे चालते धन होय. वैशाखातील उन्हाने शेळ्यांचा चारा तुटतो. मृगाच्या पावसात भिजलेल्या करडांना फुफ्फुसदाहाचे भय असते. म्हणून छप्पर निवडताना ऊन व पाऊस या दोहोंचा विचार करावा.

शेडनेटची जाळी ऊन अडविते, पाऊस अडवीत नाही. ७५ टक्के सावलीची जाळी मोकळ्या अंगणापुरतीच योजावी. पत्रा पाऊस अडवितो, परंतु स्वतः तापून खाली धग सोडतो. त्यास वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. उन्हाळ्यात त्यावर उसाचे पाचट पसरून दोरीने घट्ट बांधावे. पाचट पेट घेते, ओले राहिल्यास पत्रा गंजविते. म्हणून विस्तव दूर ठेवावा व पावसाळ्यापूर्वी ते उतरवावे.