कंपवात : हात थरथरण्याआधीच ओळखायला शिका

घरातल्या वडीलधाऱ्याचा हात थरथरू लागला की आपण "वय झाले" म्हणून सोडून देतो. चाल मंदावली की "आळस चढला" म्हणतो. चेहऱ्यावरचे भाव कमी झाले तर बाबा रुसले आहेत असे वाटते. काही घरांत तर बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे सुरू होतात. पण या सगळ्यांमागे एकच आजार असू शकतो. तो म्हणजे कंपवात. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्यावर निबंध लिहिला, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात.

आपल्या मेंदूच्या मधल्या भागात काळसर दिसणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि हालचालींची जुळवाजुळव करणाऱ्या खोलवरच्या भागांना ते पुरवतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. १९६० साली व्हिएन्ना येथे मृत रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा तेथे डोपामिनची मोठी तूट आढळली.

डोपामिन कमी पडले की मेंदूच्या भागांचा आपापसातील व्यवहार बिघडतो. हे समजण्यासाठी आम्ही आमच्या कचेरीचेच उदाहरण घेतो. सर्व टेबलांवर माणसे हजर आहेत, हजेरीपटावर सर्वांच्या सह्या आहेत, पण या टेबलावरची फाइल त्या टेबलावर वेळेत जात नाही. नुसता हजेरीपट पाहणाऱ्या साहेबाला काय कळणार? साध्या एमआरआयचे असेच होते. सुरुवातीच्या कंपवातात तो बहुधा नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, "फोटोत काही नाही, म्हणजे हे सोंग आहे." हा फार मोठा अन्याय आहे.

फायलींची ये-जा पाहण्याची एक वेगळी तपासणी आहे. ती म्हणजे फंक्शनल एमआरआय. माणूस यंत्रात काही न करता शांत पडून राहतो. रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूचे कोणते भाग एकाच वेळी जागे होतात व मंदावतात ते दिसते. जे भाग एका तालात चालतात, त्यांचा आपसात संबंध आहे असे मानतात. २०१४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी, सुरुवातीच्या रुग्णांमध्ये, हालचाल सांभाळणाऱ्या खोलवरच्या भागांमधील हे संबंध कमी झालेले दाखवले. त्याआधी २०१० साली नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्या भागात डोपामिन सर्वाधिक घटते, त्याचा मेंदूच्या बाहेरच्या थरातील पॅरायटल भागाशी संबंध कमी होतो आणि शेजारचा, कमी बाधित भाग तो संबंध वाढवतो. म्हणजे एक कारकून रजेवर गेला की शेजारच्या टेबलावरचा त्याचे काम ओढतो, तसेच. मेंदू अशी सांभाळासांभाळ करतो म्हणून आजार बराच काळ लपून राहतो. थरथर दिसेपर्यंत पुष्कळ पेशी गेलेल्या असतात.

ही तपासणी अजून संशोधनापुरती आहे. रोजचे निदान डॉक्टर रुग्णाला चालवून, बोटे हलवायला लावून, हातापायांचा ताठरपणा पाहूनच करतात. म्हणून घरच्यांची नजर महत्त्वाची आहे. चालताना एकच हात झुलेनासा होणे, अक्षर बारीक होत जाणे, आवाज खाली जाणे, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागणे, फोडणीचा वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा लाथा झाडणे याकडे लक्ष द्या. त्यातले एखादेच लक्षण म्हणजे कंपवात नव्हे. पण दोन-तीन एकत्र दिसली तर सरकारी रुग्णालयातील मेंदूविकार विभागात दाखवून घ्या. काही रुग्णांना थरथर येतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. पण लेव्होडोपा या गोळीने हालचाल पुष्कळ सुधारते. बरे वाटले म्हणून गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे. रोजचे चालणे आणि व्यायाम यांचाही उपयोग होतो. पुढे कधी पाय जागीच अडकले तर ओढू नका. जमिनीवरच्या फरशीची रेघ दाखवा, किंवा "एक-दोन, एक-दोन" असा ताल द्या. आपोआप चालण्याची वाट अडली तरी पाहून व ऐकून पाऊल टाकण्याची दुसरी वाट मेंदूत बऱ्याचदा शाबूत असते.

नोकरदारांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनच्या आजाराचा समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या जागेवर त्याची बदली करावी लागते. तेव्हा साहेबांनी "कामचुकार" म्हटले म्हणून घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. आधी तपासणी करून प्रमाणपत्र मिळवा.

वाचकहो, ज्या हातांनी आयुष्यभर हातोडा, झाडू किंवा लेखणी चालवली, ते हात आज मंद झाले असतील, तर दोष त्या माणसाच्या मनाचा नाही. त्याच्यावर ओरडू नका. त्याला बटण लावायला पुरेसा वेळ द्या, आणि येत्या आठवड्यात दवाखान्यात घेऊन जा.