संगणकाची रोजकीर्द

पेढीवर रोजकीर्द लिहिण्याची चाल श्रोत्यांस परिचित आहेच. दिवसभर जें देणेंघेणें झालें, तें क्रमानें त्या वहींत उतरतें. संगणकावर अखंड चालणारा प्रोग्रामहि अशीच एक वही लिहीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. कोण केव्हां आंत आलें, कोणतें काम पुरें झालें, कोणतें अडलें, ही हकीकत वेळेसह एकेका ओळीनें तींत नमूद होते. काम सुरळीत चालूं असतां तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. बिघाड झाला म्हणजे मात्र तिच्यावांचून दुसरा साक्षीदार नसतो.

कागदी वहीला शेवटचें पान असतें. या वहीला तें नाहीं. एक ओळ २०० बाइटांची व सेकंदास १०० ओळी धरल्या, तर एका दिवसांत सुमारें १.७ गिगाबाइट मजकूर सांचतो. ५० गिगाबाइटांची मोकळी जागा महिना पुरा होण्यापूर्वींच संपते आणि मग वहीबरोबर त्या यंत्रावरील इतर कामेंहि खोळंबतात.

उपाय उघड आहे. वही ठराविक वेळीं बदलावी. लिनक्स यंत्रांवर हें काम बहुधा ‘लॉगरोटेट’ हा प्रोग्राम करतो. त्यास मुख्यतः तीन गोष्टी सांगावयाच्या असतात. ‘डेली’ लिहिलें कीं वही रोज बदलते, ‘वीकली’ लिहिलें कीं आठवड्यास. ‘रोटेट ७’ म्हटलें कीं जुन्या सात वह्या राहतात; आठवी होतांच सर्वांत जुनी नष्ट होते. ‘कॉम्प्रेस’ म्हटलें कीं जुन्या वह्या दफ्तरांतील रुमालांप्रमाणें आवळून बांधल्या जातात.

आकाराची मर्यादा घालतां येत नाहीं काय, असें कोणी विचारील. येते, ‘साइझ १००एम’ असें लिहावें. पण लॉगरोटेट हा वहीजवळ बसून राहणारा पहारेकरी नव्हे, तो फेरीवर येणारा तपासनीस आहे. आणि ही फेरी पुष्कळ ठिकाणीं दिवसांतून एकदांच होते. दोन फेऱ्यांच्या दरम्यान वही कितीहि फुगली, तरी त्यास पत्ता नसतो. मर्यादा लहान हवी, तर फेऱ्याहि वाढवाव्या लागतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वहीचें नांव बदललें म्हणून लिहिणाऱ्याचा हात थांबत नाहीं. एकदां फाइल उघडली, कीं प्रोग्राम तिचें नांव नव्हे, तर प्रत्यक्ष फाइलच धरून बसतो व जुन्याच वहींत लिहीत राहतो. ती वही पुसून टाकली, तरीहि त्यानें हात सोडीपर्यंत जागा मोकळी होत नाहीं. म्हणून ‘पोस्टरोटेट’ या शब्दाखालीं, नवी वही उघडण्यास त्याला सांगणारी आज्ञा लिहावी. अशी आज्ञा ऐकण्याची सोय त्या प्रोग्रामांत नसेल, तर ‘कॉपीट्रंकेट’ वापरावें. त्यानें वहीची नक्कल होऊन मूळ वही कोरी केली जाते; मात्र त्या दोहोंमधल्या क्षणांत लिहिलेल्या ओळी हरपूं शकतात.

कांहीं प्रोग्राम आपली वही आपणच बदलतात. पायथन भाषेंतील ‘रोटेटिंगफाइलहँडलर’ यास ‘मॅक्सबाइट्स’ व ‘बॅकअपकाउंट’ असे दोन आंकडे द्यावे लागतात. ते न दिल्यास दोन्ही शून्य धरले जातात, आणि दोहोंपैकीं एक जरी शून्य असला, तरी वही कधींच बदलत नाहीं. नांवावर विसंबणारा येथें फसतो.

आतां वह्या किती दिवस राखाव्या? २८ एप्रिल २०२२ रोजीं ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेनें दिलेल्या निर्देशांप्रमाणें नोंदी १८० दिवस भारतांत जपून ठेवावयाच्या असतात. तेथें ‘रोटेट ७’ पुरणार नाहीं. आपल्या हिशेबानें १८० दिवसांचा मजकूर ३११ गिगाबाइट होतो. आवळल्यावर तो दहाव्या हिश्शावर आला, तर ३१ गिगाबाइटांत मावेल. त्याची एक प्रत दुसऱ्या यंत्रावरहि असावी; कारण घरांत शिरलेला चोर आपल्या पावलांचे ठसे पुसूनच जातो.

नियम लिहून झाले, कीं लॉगरोटेट ‘डीबग’ रीतीनें चालवून पाहावा. तो काय करणार तें सांगतो, पण करीत नाहीं. आणि ‘रोटेट’ पुढचा आंकडा लिहिण्यापूर्वीं मनाशीं एवढेंच विचारावें: तीन महिन्यांनीं कोणी जाब विचारला, तर उत्तराची ती एक ओळ आपल्यापाशीं शिल्लक असेल काय?