श्वान-कर्करोगातील औषधप्रतिकार : जनुकाविष्काराचे मापन

नंदुरबार जिल्ह्यातील धडगावसारख्या डोंगराळ भागात मोकळ्या हिंडणाऱ्या कुत्र्याला संक्रमणशील जननेंद्रिय-अर्बुद झाले, तर उपचार बहुधा व्हिन्क्रिस्टीनचा असतो. आठवड्याला एक याप्रमाणे काही मात्रा दिल्यावर बहुतेक अर्बुदे विरतात. जी विरत नाहीत, त्यांवर डॉक्सोरुबिसिन योजतात. येथेच प्रश्न उद्भवतो. ही दोन्ही औषधे पेशीबाहेर लोटणारे प्रथिन एकच आहे, ते म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. ज्युलियानो व लिंग यांनी १९७६ मध्ये त्याचे वर्णन केले. अर्बुदात ते वाढले असेल, तर दुसरे औषधही निष्फळ ठरण्याचा संभव असतो. हृदयास होणारा त्याचा अपाय मात्र टळत नाही.

हे प्रथिन घडविणाऱ्या एबीसीबी-१ जनुकाचा आविष्कार मोजण्यासाठी अर्बुदाच्या तुकड्यातील आरएनएपासून डीएनए-प्रती तयार करून त्या यंत्रात वाढवितात. प्रत्येक आवर्तनात प्रती सुमारे दुप्पट होतात. ठरावीक पातळी कितव्या आवर्तनात गाठली, हे नोंदवितात. समजा, उपचारापूर्वी हे जनुक २७ व्या व स्थिर संदर्भ-जनुक २० व्या आवर्तनात दिसले, आणि उपचारानंतर अनुक्रमे २७ व २३ व्या आवर्तनात दिसले. वरवर पाहता जनुकात काहीच बदल नाही. परंतु अंतर ७ वरून ४ वर आले, म्हणजे सापेक्ष आविष्कार ८ पट झाला. दुसऱ्या नमुन्यात आरएनएच कमी होता, एवढेच. संदर्भ-जनुकाचे महत्त्व ते हेच. आणि ते एकाहून अधिक असावे.

या अर्बुदाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानी ठेवले पाहिजे. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशी समागमातून आजवर संक्रमित होत आल्या आहेत. म्हणून अर्बुदाची जनुके रुग्ण कुत्र्याची नव्हेत. कोली जातीत २००१ मध्ये आढळलेला, याच जनुकातील चार घटकांचा लोप रक्तात तपासला, तर कुत्र्याला औषध कितपत सोसेल हे कळते. अर्बुदाच्या प्रतिकाराविषयी काही कळत नाही. तुकड्यात रुग्णाच्या पेशीही मिसळलेल्या असतात. मिक जनुकाजवळील, केवळ अर्बुदातच असणाऱ्या विशिष्ट निवेशावरून त्यांचे प्रमाण पडताळता येते.

धडगावी काढलेला तुकडा मुंबईस, १८८६ साली स्थापन झालेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पोचेपर्यंत आरएनए विघटित होऊ शकतो. यास्तव तो जागच्या जागी संरक्षक द्रवात बुडविणे अगत्याचे होय. त्याच कुत्र्याचा उपचारापूर्वीचा नमुना नसेल, तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करावयाची? शिवाय आरएनए वाढला म्हणजे प्रथिनाचे कार्य वाढलेच, असे नव्हे. मापनाने निर्णयास आधार मिळतो. निर्णय मात्र रुग्णाकडे पाहूनच घ्यावयाचा असतो.