मनोऱ्यावरचा तांबडा दिवा

शरद ऋतूतील एखाद्या ढगाळ रात्री, जेव्हा चंद्रतारे लोपलेले असतात आणि धुके खाली उतरलेले असते, तेव्हा कॅनडाच्या अरण्यांतून दक्षिणेकडे निघालेले, मुठीत मावतील एवढे वार्बलर पक्षी अमेरिकेतील रेडिओ-दूरदर्शनच्या मनोऱ्यांवर अखंड जळणाऱ्या तांबड्या दिव्यांभोवती जखडल्यासारखे घिरट्या घालीत राहतात, आणि मनोऱ्यास तोलून धरणाऱ्या, अंधारात न दिसणाऱ्या पोलादी तारांवर आदळून प्राणास मुकतात. या दोन देशांत मिळून दरसाल सुमारे ६८ लाख पक्षी असे मरत असावेत, हा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अंदाज वाचून माझे मन अत्यंत विषण्ण झाले.

आणि उपाय किती सुलभ! मिशिगन राज्यातील अभ्यासात, अखंड जळणारे दिवे काढून केवळ उघडझाप करणारे ठेवले असता पक्ष्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले. विमानांच्या सुरक्षिततेस बाध येत नाही अशी खातरजमा करून अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २०१५ साली नियमावली त्यानुसार बदलली. मालकांचा विजेचा खर्चही त्याने वाचतो. नवे मनोरे शक्यतो ठेंगणे आणि तारांविना उभारावेत, हेही इष्टच. जुन्या मनोऱ्यांना मात्र दिव्यांच्या या बदलाची शिफारस आहे, सक्ती नाही.