सपाट छतावरील सौर पॅनेलांचे दाबवजन

शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीच्या सपाट स्लॅबवर सौर पॅनेले बसविताना, भोके पाडून गळती ओढवून घेण्यापेक्षा चौकटीवर काँक्रीटचे ठोकळे ठेवणे सोयीचे वाटते. मात्र ठोकळ्यांचे वजन ठरते ते वाऱ्याच्या उचलीवरून. भारतीय मानक ८७५, भाग ३ (२०१५) यात पुणे व पणजी या दोहोंसाठी मूळ वायुवेग सेकंदास ३९ मीटर दिला आहे. तोच येथे धरिल्यास ०.६ × ३९², म्हणजे चौरस मीटरवर सुमारे ९१३ न्यूटन दाब येतो. सर्व गुणांक १ मानले, तर २ चौरस मीटरच्या पॅनेलास वारा सुमारे १८६ किलो जोराने उचलील. सुरक्षिततेसाठी दीडपट केल्यास २७९. त्यातून पॅनेल व चौकटीचे ३० किलो वजा जाता ठोकळे सुमारे २५० किलोंचे हवेत. छताच्या कोपऱ्यांशी याहूनही अधिक.

खरी अडचण पुढेच आहे. वावर असलेल्या सपाट छतासाठी त्याच मानकाचा दुसरा भाग चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५३ किलो भार धरतो. पैकी १४० येथेच संपतात. फौंड्रीत हाताशी असलेले ओतीव लोखंड वापरल्यास जागा एकतृतीयांश लागेल, परंतु स्लॅबवरील भार तेवढाच राहील. भार घटवावयाचा तर पॅनेलांचा कल कमी करून रांगा परस्परांशी जखडाव्या लागतात.