दी-पू-दाच्या पलीकडे : अजोध्या पहाडातील बामनी धबधबा

सुट्टीत कुठे जाणार, असे कोलकात्यातील कोणत्याही बंगाली कुटुंबाला विचारा. हसत हसत उत्तर मिळेल, 'दी-पू-दा!' दी म्हणजे दीघा, पू म्हणजे पुरी आणि दा म्हणजे दार्जिलिंग. पण हातात फक्त शनिवार-रविवार असेल आणि मन डोंगर मागत असेल, तर काय करायचे? दीघ्याला दोन दिवसांत जाऊन येता येते, पण तेथे डोंगर नाही. दार्जिलिंगला डोंगर आहे, पण दोन दिवस पुरत नाहीत.

बदलीच्या निमित्ताने या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांना तर ही उणीव फारच जाणवते. कोलकाता समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे. नजर पोहोचेल तिथवर टेकडी म्हणून दिसत नाही. आषाढ लागला की सह्याद्रीची आठवण येते आणि गच्चीवरून पाऊस पाहण्यावर समाधान मानावे लागते.

अशांनी पश्चिमेकडची वाट धरावी. कोलकात्यापासून सुमारे 300 किलोमीटरवर, झारखंडच्या सीमेला लागून पुरुलिया जिल्हा आहे. तेथे अजोध्या पहाड आहे आणि त्याच्या कुशीत बामनीचा धबधबा. वनवासात राम-सीता येथे थांबले होते आणि तहानलेल्या सीतेसाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी कथा स्थानिक लोक सांगतात. 'सीताकुंड' नावाची जागाही पहाडावर दाखवतात.

आधी उतरण, मग चढण

आपल्याकडे धबधब्याला जायचे म्हणजे बहुधा पायथ्यापासून वर चढायचे. बामनीचे तंत्र उलटे आहे. गाडी वर रस्त्यालाच थांबते आणि पाण्याकडे खाली उतरावे लागते. वाट लांब नाही, पण दगडी पायऱ्या शेकड्यांनी आहेत. जसजसे खाली जावे तसतशा त्या ओबडधोबड होत जातात. उतरताना मुले धावत सुटतात, परतताना तीच कडेवर बसण्याचा हट्ट धरतात. घरात गुडघेदुखीचे कोणी असेल, तर वरच्या टप्प्यावरून दिसणाऱ्या पाण्यावर त्यांनी समाधान मानावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

वाटेवरची झाडे विदर्भातील वाचकांना ओळखीची वाटतील. पळस, मोह, तेंदू ही आपल्या भंडारा-गडचिरोलीकडची मंडळी येथेही आहेत. त्यांच्या जोडीला उंच, सरळसोट साल. खडक मात्र वेगळा. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे आणि त्या थरांचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. छोटा नागपूरच्या पठाराचा हा भाग ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांचा असून त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. म्हणून येथे आपल्यासारखे उभे कातळकडे कमी आणि घासून गोल झालेले अजस्र धोंडे जास्त. त्या धोंड्यांमधून वाट काढत बामनीचे पाणी टप्प्याटप्प्याने खाली येते.

पाणी चढवणारा डोंगर

बामनीच्या रस्त्यावर आणखी एक नवल पाहायला मिळते. पहाडावर एक जलाशय आहे आणि खाली दुसरा. लोक त्यांना 'अपर डॅम' आणि 'लोअर डॅम' म्हणतात. रात्री विजेची मागणी घटली की शिल्लक विजेवर खालचे पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना. जपानच्या कर्जसाहाय्यातून उभारलेला हा 900 मेगावॉटचा प्रकल्प 2007-08 मध्ये सुरू झाला. आपल्याकडे भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला याच तत्त्वावर 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे.

महानगराच्या दिव्यांसाठी पाणी डोंगर चढते, पण पुरुलियाची तहान मात्र जुनीच आहे. हा पश्चिम बंगालमधील कायमचा अवर्षणप्रवण भाग. पाऊस अगदीच कमी पडतो असे नाही, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून जातो. त्याला थोपवून धरते ते जंगल. जवळच्या तुर्गा ओढ्यावर 1000 मेगावॉटचा दुसरा प्रकल्प आखला गेला, तेव्हा पहाडावरील आदिवासींनी विरोध केला तो म्हणूनच. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभांची संमती रीतसर घेतली का, हा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्यासाठी जे सहलीचे ठिकाण, ते संथाळांसाठी घर आहे. वैशाखातील बुद्धपौर्णिमेला ते दूरदूरहून पिढ्यान्‌पिढ्या या पहाडावर जमत आले आहेत.

पाण्याशी खेळ नको

30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा वाहून जाऊन मृत्यू झाला. त्यांच्या पायाखाली गुडघाभरच असलेले पाणी पाहता पाहता वाढले होते. कोणताही डोंगरी ओढा असाच फसवा असतो. ऊन पडले असले, तरी वर कुठेतरी पाऊस झालेला असू शकतो. नितळ पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहत येऊ लागली, आवाज बदलला की क्षणभरही न थांबता काठ गाठावा. छायाचित्रासाठी प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभे राहू नये. शेवाळलेल्या धोंड्यावर चप्पल टिकत नाही, तेव्हा पकड असलेले बूटच घालावेत.

केव्हा आणि कसे जाल?

पाणी भरपूर हवे असेल, तर पाऊस ओसरल्यावर, म्हणजे दुर्गापूजेच्या आगेमागे जावे. चालण्यासाठी हिवाळा उत्तम. फाल्गुनात पाणी रोडावते, पण पळस फुलून सारा पहाड केशरी होतो. एप्रिल-मेचा उन्हाळा मात्र टाळावा.

हावड्याहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी पुरुलिया किंवा बराभूम स्थानकावर उतरता येते. पुढे जीप ठरवावी. माओवाद्यांच्या कारवायांमुळे साधारण 2011 पर्यंत पर्यटक इकडे फिरकत नसत. आता पहाडावर राहण्याची सोय आहे. न्याहारीला गरम तेलेभाजा आणि मुडी, म्हणजे आपली भजी आणि कुरमुरे, सहज मिळतात.

परतताना पायथ्याच्या बाघमुंडीजवळ चडिदा गावी जरूर थांबावे. छाऊ नृत्याचे मुखवटे येथे घरोघरी बनतात. 1981 मध्ये पद्मश्रीने गौरवलेले नर्तक गंभीरसिंह मुडा याच भागातील. आणखी एक दिवस काढता आला, तर जिल्ह्याच्या उत्तरेला पंचकोट गडाचे अवशेष पाहावेत. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर याच पंचेतच्या वाटेने बंगालमध्ये शिरले होते. गड मराठ्यांनीच उद्‌ध्वस्त केला, असे येथे सांगतात. 'बर्गी' या नावाने बंगाली आया आजही मुलांना दटावून झोपवतात.

त्या वाटेने आता मराठी माणूस जाईल तो पाहुणा म्हणून. तेव्हा पिशवीत नेलेला कचरा पिशवीतच परत आणावा, मुखवटा घेताना फार घासाघीस करू नये आणि पहाडावरच्या पाण्याचा एक थेंबही वाया घालवू नये. एवढे केले, तरी पुढच्या खेपेस 'एशो, एशो' म्हणून मनापासून स्वागत होईल.